शाळेतून बांधीकडे : कै. भाऊसाहेब देशमुख

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र येते. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ह्यांच्यावर आपल्या भगिनींनी आजवर लिहिलेले आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी कै. डॉ. पंजाबराव उपाख्य भाऊसाहेब देशमुख ह्यांचे नाव सुचविले. दोघीतिघींना नवल वाटले. भाऊसाहेब अमरावतीकडचे, कपाशीच्या मुलखातले. आपला गोंदिया जिल्हा धानाचा, तलावांचा आणि बोड्यांचा. त्यांचा आणि आपला संबंध काय, असे त्यांनी विचारले. भगिनींनो, तो संबंध आपल्या आषाढातल्या रोवणीपर्यंत येऊन पोचतो. तेच सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ ह्या खेड्यात झाला. वडिलांचे नाव शामराव, आईचे राधाबाई. घर शेतकऱ्याचे. पहिले धडे गावातच झाले, पण पुढच्या शिक्षणासाठी गाव सोडावे लागले. आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, असे ते मूल एका गावाहून दुसऱ्या गावी शिकत गेले. त्या काळी खेड्यातल्या मुलाने शिकायचे म्हणजे घरच्या भाकरीला मुकायचे. परक्या गावी कोठे राहावे, कोणाकडे जेवावे, हा प्रश्न पुस्तकाच्या आधी उभा राहत असे. लहानपणी सोसलेली ही अडचण ते पुढे मोठेपणी विसरले नाहीत, हे त्यांच्या चरित्रातले पहिले शिकण्यासारखे आहे. पुष्कळ माणसे वर चढली की शिडी विसरतात.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले आणि १९२० साली विलायतेला रवाना झाले. घरात पैशाची रेलचेल नव्हती. वडिलांनी शेतीच्या जिवावर कर्ज उभे केले आणि मुलाला धाडले. शेतकऱ्याच्या घरी कर्ज कशासाठी निघते ते आपल्याला ठाऊक आहे. लग्नासाठी निघते, दुखण्यासाठी निघते, बैलजोडीसाठी निघते. मुलाच्या विद्येसाठी समुद्रापार धाडण्याइतके कर्ज काढणारा बाप त्या काळी विरळाच. मुलानेही त्या कर्जाचे चीज केले. ते बॅरिस्टर झाले आणि वेदवाङ्मयातील धर्माचा उगम व विकास ह्या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर ही पदवी त्यांनी मिळविली. कुणब्याच्या पोराने वेदांचा अभ्यास करून विद्वानांच्या सभेत मान मिळवावा, ही गोष्ट त्या दिवसांत लहान नव्हती.

१९२६ साली ते परत आले. मनात आणते तर अमरावतीला वकिली करून सुखाने राहिले असते. त्यांनी वकिली केलीही, पण लक्ष दुसरीकडेच होते. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य बांधवांसाठी खुले व्हावे म्हणून जी चळवळ झाली, तिच्यात ते पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी विवाह केला. विमलाबाई दुसऱ्या जातीच्या, वैद्य घराण्यातल्या. आज शंभर वर्षे होत आली, तरी आपल्या गावात असा विवाह झाला की चार दिवस नळावर दुसरे बोलणे नसते. मग १९२७ साली काय झाले असेल, ह्याची कल्पना करावी. भाऊसाहेबांच्या पश्चात विमलाबाई राज्यसभेच्या सभासद झाल्या. पतीच्या नावावर जगणाऱ्या त्या नव्हत्या.

१९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणे, ह्या दोन गोष्टींना त्यांनी हात घातला. एक पाण्याची आणि एक अक्षराची. १९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. शेतकरी सावकाराच्या वहीत कसा अडकतो हे त्यांनी घरातच पाहिले होते. कर्जाची तडजोड करून देणारा कायदा व्हावा म्हणून त्यांनी जोर लावला, आणि १९३३ साली तसा कायदा आपल्या प्रांतात झाला. त्या वेळी आपला भंडारा जिल्हाही ह्याच प्रांतात होता. तेव्हा भाऊसाहेब वऱ्हाडचे आणि आपण निराळे, असे म्हणायला जागा नाही.

१९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली. भाऊसाहेबांचे नाव विदर्भात घरोघरी पोचले ते ह्या संस्थेमुळे. पश्चिम महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ पासून रयत शिक्षण संस्थेचे काम चालविले होते. तेथे वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. इकडे विदर्भात तेच व्रत भाऊसाहेबांनी घेतले. शेतकऱ्याच्या, मजुराच्या, मागे राहिलेल्या जातींच्या मुलांना शाळा मिळावी आणि तिच्या जवळ राहायला छप्पर मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. अमरावतीला त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत. पुढे संस्थेच्या शाळा आणि कॉलेजे विदर्भभर पसरली.

स्वराज्य आले. भाऊसाहेब घटना समितीत बसले. १९५२ साली अमरावतीहून लोकसभेवर निवडून गेले आणि १९६२ पर्यंत, म्हणजे सलग दहा वर्षे, केंद्रात शेतीखात्याचे मंत्री राहिले. देशात अन्नाचा तुटवडा होता, रेशनच्या रांगा होत्या, परदेशातून धान्याची जहाजे येत होती. अशा वेळी शेतीखाते म्हणजे काट्यांचा मुकुट.

आणि येथे आपली बांधी येते.

१९५३ साली देशात जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम सुरू झाली. भाऊसाहेबांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. ही पद्धत थोडक्यात अशी : बियाणे मिठाच्या पाण्यात टाकायचे, वर तरंगेल ते पोचट काढून टाकायचे, तळाशी बसेल तेच घ्यायचे. पऱ्हे गादीवाफ्यावर, विरळ टाकून वाढवायचे, म्हणजे बियाणे कमी लागते आणि रोप जाड होते. रोवणी दोरी धरून ओळीत करायची. ओळींमधून कोळपे चालवून निंदण करायचे. शेणखत आणि वरखत दोन्ही वेळेवर द्यायचे. आपल्याकडे पूर्वी पुष्कळ ठिकाणी धान आवत्या पद्धतीने फेकून पेरीत, किंवा हाताला येईल तसे चिमटीने रोवीत. त्या मानाने ही शिस्त नवी होती.

माझी आजी सांगत असे की तिच्या तरुणपणी गावात एक साहेब आले होते आणि त्यांनी दोरी लावून रोवणी कशी करायची ते पाटलाच्या बांधीत दाखविले. धुऱ्यावर सारे पुरुष उभे राहून बघत होते. चिखलात आजी आणि तिच्यासारख्या बाया होत्या. समजावून सांगितले ते धुऱ्यावर, काम झाले चिखलात. दोन हंगाम दोरी लागली, मग सुटली. ओळीने रोवायला वेळ जास्त लागतो, मजुरी वाढते, पाणी हाताशी असावे लागते. पुढे रोवणी ठेक्याने होऊ लागली, तेव्हा ओळ धरणार कोण? अशीच तक्रार देशात इतरही ठिकाणी झाली. जेथे पाणी, खत आणि माणूसबळ होते, तेथे उत्पन्न वाढले. जेथे नव्हते, तेथे दोरी खुंटीला टांगली गेली.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती ह्या विषयाला धरून आहे. मी सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा नाल्यापलीकडे दुसऱ्या गावी होती, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर असे. माझ्या भावाला सायकल मिळाली, मला सासर मिळाले. त्याबद्दल आज कोणावर राग नाही. काही वर्षांपूर्वी गावात धानाच्या लागवडीचे एक प्रशिक्षण झाले. यादीत नावे सातबारा ज्यांच्या नावावर त्यांची, म्हणजे पुरुषांची. आमच्या घरचे गेले, चहा घेतला, एक छापील कागद घेऊन आले आणि तो देवळीत ठेवला. पुढे आठ दिवसांनी दिवा लावताना तो माझ्या हाती आला. वाचून पाहिला. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवावे, बियाणे सोडावे, तरंगते ते काढावे, बाकीचे दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे, एवढेच होते. मी घमेले घेऊन बसले. आम्ही चांगले समजत होतो त्या बियाण्यातले कितीतरी दाणे वर आले. त्या वर्षी आमचे पऱ्हे सारखे उगवले. तोवर दरसाल पऱ्ह्यात टक्कल पडे, आणि मी समजत असे की आमची जमीनच तशी. माझी सातवी तेवढ्या कागदापुरती कामाला आली. पण जिला सातवीही मिळाली नाही, तिच्या घरी तो कागद अजून देवळीतच असेल.

हे लिहिताना भाऊसाहेबांच्या आणखी एका कामाचे स्मरण होते. त्यांची संस्था मुलांना नुसते मॅट्रिक आणि पदवीधर करून थांबली नाही. अमरावतीला त्यांनी शिवाजी लोकविद्यापीठ काढले. राधाकृष्णन् आयोगाने १९४८-४९ साली सुचविले होते की खेड्यांसाठी निराळी उच्च शिक्षणाची व्यवस्था असावी, तिचा अभ्यास खेड्यातल्या जीवनाशी जोडलेला असावा. डेन्मार्क देशात १८४४ पासून शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींसाठी अशा लोकशाळा चालत आलेल्या होत्या, आणि त्या देशाच्या शेतीला व सहकारी दूधधंद्याला त्यांचा मोठा हातभार लागला असे मानतात. आपल्या सरकारने १९५६ साली ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्था सुरू केल्या, तेव्हा महाराष्ट्रातून कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ ह्यांची निवड झाली. तेथे ग्रामसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम असे, शेतीशास्त्राचा दोन वर्षांचा असे, खेड्यातील रस्ते व बांधकामे शिकविणाराही असे. विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांत जाऊन काम करणे हा शिक्षणाचा भागच होता. आज ज्यांना सामुदायिक महाविद्यालय म्हणतात, म्हणजे आजूबाजूच्या लोकांना लागेल तेच शिकविणारे कॉलेज, त्याची ही आपल्या मातीतली सुरुवात म्हणावी.

पण त्या संस्था पुढे तशा टिकल्या नाहीत. बहुतेक साध्या कॉलेजांच्या वाटेला लागल्या. दोष एकट्या सरकारचा नाही. पदविकेला नोकरीच्या बाजारात पदवीइतका मान मिळेना. आईबापांनाही मुलगा शिकून पुन्हा शेतात आलेला नको होता. मुलगा शिकला म्हणजे त्याचे पाय चिखलात पडू नयेत, ही आपलीच इच्छा. १९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि आपल्या भागातल्या मुलांना कॉलेजासाठी नागपूरला जाण्याची गरज उरली नाही. हा मोठाच उपकार झाला. पण कॉलेज जवळ आले म्हणून शिकलेले मूल गावात राहतेच असे नाही. आज आपल्या आळीत पाहा. पदवीधर मुले नागपूरला, पुण्याला, हैदराबादला गेली. जी गेली नाहीत, ती परीक्षांचे अर्ज भरीत घरी बसली आहेत, आणि बांधीत उतरायची त्यांना लाज वाटते. शाळा गावात आली, पण विद्या बांधीत आली नाही. भाऊसाहेबांची तळमळ नेमकी ह्यासाठी होती.

शेतकरी म्हणजे अडाणी, हे त्यांनी कधी मानले नाही. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला, तो शेतकऱ्यांना एकत्र आणण्यासाठी. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उद्घाटनाला आले होते. देशोदेशीची अवजारे, बियाणी आणि जनावरे आपल्या शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहावीत, हा त्यातला हेतू. खेड्यातल्या माणसाने जग पाहिले तर तो आपली शेती आपणच सुधारील, असा त्यांचा विश्वास होता.

हा विश्वास किती खरा होता, त्याचा पुरावा आपल्या धानाच्या मुलखानेच पुढे दिला. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथले दादाजी खोब्रागडे फार शिकलेले नव्हते, जमीनही थोडी. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, दरवर्षी पेरल्या, निवडल्या, आणि एक बारीक दाण्याचे वाण तयार केले. त्या वेळच्या प्रसिद्ध घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडले. आज आपल्या घरी पाहुणे आले की आपण जो तांदूळ काढतो तो हाच. दादाजी २०१८ साली वारले. विद्या कॉलेजातून शेतात जाते तशीच शेतातून कॉलेजात येऊ शकते, एवढे त्यांनी दाखविले. दोन्हींच्या मधली वाट मात्र कोणीतरी बांधावी लागते.

भाऊसाहेबांचे निधन १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीला झाले. विदर्भात कृषी विद्यापीठ व्हावे ही मागणी त्यांच्या पश्चात जोरात पुढे आली, त्यासाठी लोकांनी आंदोलन केले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला विद्यापीठ स्थापन झाले. त्याला त्यांचेच नाव आहे. आपल्या जिल्ह्यात हिवरा येथे जे कृषी विज्ञान केंद्र आहे, ते ह्याच विद्यापीठाचे. म्हणजे भाऊसाहेबांचे नाव आपल्या दारापर्यंत येऊन पोचलेले आहे. आपण उठून दार उघडायचे आहे.

भगिनींनो, धानाच्या शेतीत नांगर आणि चिखलणी पुरुषांची असेल, ट्रॅक्टर पुरुषांचा असेल, पण पऱ्हे उपटणे, रोवणी आणि निंदण ही आपलीच कामे. बियाणे पाखडून, निवडून ठेवतो ते आपणच. ज्या हातांनी काम करायचे त्या हातांना न शिकविता धुऱ्यावर उभ्या असलेल्यांना शिकविले, तर दोरी पुन्हा खुंटीलाच जाणार. भाऊसाहेबांच्या चरित्रातून मला जे समजले ते एवढेच. त्यांनी शाळा शेतकऱ्याच्या घरापर्यंत आणली. आता ती घरातून बांधीत, आणि बांधीतल्या बाईपर्यंत नेणे हे आपले काम आहे. ते दुसरे कोणी करील म्हणून वाट पाहण्यात आजीची आणि माझी, दोघींची उमर गेली.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली ही की येत्या २७ डिसेंबरला, मळणी उरकत आलेली असेल, तेव्हा भाऊसाहेबांची जयंती आपण हळदीकुंकवाइतक्याच उत्साहाने करावी, आणि त्या दिवशी कृषी विज्ञान केंद्रातील जाणकारांना बोलावून मिठाच्या पाण्याची रीत, गादीवाफा आणि बियाणे साठविणे हे बायकांनाच करून दाखवायला सांगावे. यादीत नाव लिहिताना सातबारा विचारू नये, रोवणी कोण करते ते विचारावे. दुसरी सूचना अशी की ज्यांच्या मुली दहावी-बारावी झाल्या आहेत, त्यांनी कृषी पदविकेचीही चौकशी करावी. मुलगी शिकून शेतीत आली तर तिचे शिक्षण वाया गेले, असे मनात आणू नये. पापळच्या शामरावांनी शेतीवर कर्ज काढून मुलाला शिकविले, आणि तो मुलगा जन्मभर शेतकऱ्यासाठी राबला. त्यात काय वाया गेले?

देवळीतला तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला येताना बरोबर आणीन. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवीन. घमेले आणि मीठ मात्र ज्याचे त्याने आणावे.